सहीआधीचं डावं वळण

आमच्या नदीवरचा पूल इतका अरुंद आहे की एका वेळी एकच गाडी जाते. समोरून कुणी आलं तर आधी कुणी जायचं हे तिथल्या पाटीवर लिहिलेलं होतं. ती पाटी मागच्या पुरात वाहून गेली. तेव्हापासून सगळा कारभार सभ्यपणावर चालतो, आणि म्हणून फार वेळ लागतो.

त्या सप्टेंबरात, दुपारी चारच्या सुमाराला, मी पुलाच्या दक्षिण टोकाला टपालाच्या व्हॅनमध्ये बसले होते. उत्तर टोकाला एक मातकट पिकअप उभी होती. पाऊस पडत होता. (हे खरं तर सांगायची गरज नाही. न्यूझीलंडच्या या पश्चिम किनाऱ्यावर ज्या दिवशी पाऊस पडत नाही त्या दिवशी लोक एकमेकांना फोन करून तब्येत विचारतात.)

मी दिवे मिचकावले — या तुम्ही. त्याने मिचकावले — आधी तुम्ही. मी पुन्हा. त्याने पुन्हा. अशी अकरा मिनिटं गेली. मधल्या काळात एक मेंढी उत्तरेकडून आली, रमतगमत पूल ओलांडून दक्षिणेला निघून गेली. आम्हा तिघांत आपल्याला कुठे जायचंय हे उघडपणे कबूल करणारी तेवढी एकच.

शेवटी तो उतरला. मीही उतरले. पुलाच्या बरोबर मध्यावर आम्ही समोरासमोर आलो. त्याच्या अंगात पिवळा रेनकोट, पायात गमबूट.

"बाई, जा ना तुम्ही."

"मला घाई नाही. तुम्ही जा."

"मलाही नाही."

"मग इथे थांबलात कशाला?"

"तुमच्यासाठी," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्याने दचकला.

त्याच्या डाव्या पापणीवर पावसाचा एक थेंब अडकला होता. तोही पुढे जाईना. मी त्या थेंबाकडे बघत राहिले... आणि मग उगाचच म्हणाले, "भिजताय तुम्ही."

"तुम्ही कोरड्या आहात का?"

नव्हते.

"गावात पाचपर्यंत गरम खिमा पॅटिस मिळतात," तो म्हणाला. "म्हणजे — तुम्हाला दुसरं काम नसेल तर."

पुलाखाली पाणी वळायला लागलं होतं. समुद्राची भरती आत शिरत होती. मी खाली पाहिलं. त्यानेही पाहिलं. मग दोघांनी एकदम वर पाहिलं.

"काही काम नाही," मी म्हणाले.

हे खोटं होतं, आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत महागडं खोटं होतं.

कारण सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्याकडे भरतीबरोबर समुद्रातून काचेसारखी पारदर्शक, काडीएवढी माशांची पिल्लं नदीत चढतात. जाळं घेऊन काठावर उभं राहायचं, ती धरायची आणि अंड्यात घालून धिरडं करायचं. वर्षात दोनच महिने. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे लग्नं होत नाहीत, भांडणं पुढे ढकलली जातात, आणि माणसं मरायचीसुद्धा थांबतात असं म्हणतात. ज्याची त्याची जागा ठरलेली असते आणि ती कुणीही कुणाला सांगत नाही. "कुठे मिळाली?" असं विचारलं तर "पुलाखाली" म्हणायचं. "किती?" विचारलं तर "मांजरापुरती." माझा बाप त्याची जागा मला सांगून गेला, तीही शेवटच्या दिवशी, आणि नर्सला खोलीबाहेर काढून.

ती जागा म्हणजे पुलापलीकडे, झाडीतल्या एका ओढ्याचं वळण. मी तिकडेच निघाले होते. व्हॅनच्या मागे टपालाच्या पिशव्यांखाली जाळं लपवलेलं होतं. तो निघून जावा म्हणजे मला गुपचूप आत वळता येईल, एवढ्यासाठी मी अकरा मिनिटं दिवे मिचकावत होते.

आणि चढती भरती सोडून मी एका अनोळखी माणसाबरोबर पॅटिस खायला गेले. माझ्या घराण्यात असं कुणी केलेलं नाही. माझ्या जन्माच्या दिवशीसुद्धा बाप ओहोटी लागल्यावरच आला होता.

त्याचं नाव राविरी पोहाटू. जेसीबी चालवायचा. लोकांचे चर खणून द्यायचा, पाइप टाकायचा, आणि अडकलेल्या गाई काढायचा. माझं नाव ब्रिडी कॉस्टिगन. टपाल वाटायचे. पॅटिस संपल्यावर त्याने माझ्या बशीतला चुरा बोटाने टिपून खाल्ला, मग एकदम भान येऊन माझ्याकडे पाहिलं.

"माफ करा. घरी सवय आहे."

"घरी कुणाच्या बशीतला?"

"कुत्र्याच्या," तो गंभीरपणे म्हणाला. "पण तो तक्रार करत नाही."

मी हसले. झालं. त्यानंतर वर्षभर आम्ही काय काय केलं ते सांगत बसत नाही. तुम्हीही कधीतरी तरुण होतातच. एवढंच सांगते, की टपालाच्या वाटेवर कुठेही त्याचा जेसीबी खणताना दिसला की त्याचा तो मोठा लोखंडी हात हवेत वर व्हायचा आणि मला टाटा करायचा. सहा टनांचा टाटा. पुढच्या ऑगस्टात एका चराच्या काठावर उभं राहून त्याने मला विचारलं, "करायचं का?" मी म्हणाले, "चर?" तो म्हणाला, "लग्न." मी म्हणाले, "बरं."

मोसम संपल्यावर, नोव्हेंबरात करायचं ठरलं.

*

नुआला आत्याने बातमी ऐकली, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "कागद करा."

आत्याची तीन लग्नं झाली. पहिल्या नवऱ्याने जाताना होडी नेली. दुसऱ्याने कुत्रा नेला. तिसऱ्याने काहीच नेलं नाही, म्हणून त्याच्यावर तिचा अजून राग आहे. समुद्राकाठचं घर तिने माझ्या नावावर करून दिलंय, आणि तीन वर्षं एका छपराखाली संसार केला की घराचे दोन भाग, असा आमचा कायदा. तसं नको असेल तर आधी दोघांनी करार करायचा.

"आत्या, तो तसा नाहीये गं."

"कुत्रा नेणारासुद्धा तसा नव्हता."

मला वाटलं राविरीला राग येईल. तो म्हणाला, "आत्यांचं बरोबर आहे. घर तुझंच. माझी शेड माझी. कागद करून टाकू, म्हणजे त्या मला जेवायला तरी वाढतील."

म्हणून आम्ही दोघं हातात हात घालून होकिटिकाच्या पेटिग्रू वकिलांकडे गेलो. त्यांनी आमचे हात पाहिले आणि चष्मा काढला.

"दोघांपैकी एकाने बाहेर व्हा."

"का?"

"कारण मी एकाचाच वकील होऊ शकतो. अशा करारात दोघांचे वकील वेगळे लागतात. ज्याच्या त्याच्या वकिलाने त्याला एकट्याला बसवून सगळं समजावून सांगायचं — काय मिळतं, काय सोडतोय, सही करावी की नाही. मग सही डोळ्यांदेखत घ्यायची आणि दाखला द्यायचा, की याला समजलंय. तो दाखला नसेल तर तुमचा करार आणि पॅटिसचा कागद, दोन्ही सारखेच."

आम्ही नाणं उडवलं. मी हरले. राविरी आत राहिला, मी पावसात.

पेटिग्रूंनी मसुदा केला आणि मी स्वतःचा वकील शोधायला लागले. आमच्या भागात हे काम वाटतं तितकं सोपं नाही. दुसरे वकील नाव ऐकताच उभे राहिले. "पोहाटू? त्याच्या काकाची आणि माझी नदीवरची जागा शेजारी शेजारी आहे. सहा इंचांवरून चौदा वर्षं आम्ही बोलत नाही. मी निष्पक्ष सल्ला देऊ शकत नाही. त्या पोराला मी बुडवीन." तिसऱ्या वकिलांनी माझं फार प्रेमाने स्वागत केलं, बिस्किटं दिली, आणि विचारलं, "नुआला कशी आहे?" ते आत्याचे तिसरे निघाले.

शेवटी चाळीस किलोमीटरवर, ग्रेमाऊथला, टुलोकबाई सापडल्या. साठीच्या, मोठ्या आवाजाच्या. टेबलावर कायद्याची पुस्तकं, आणि पुस्तकांवर तीन पायांचं एक मांजर झोपलेलं.

"राविरी पोहाटूशी नातं?" मी आधीच विचारून घेतलं. "त्याच्या काकाशी वैर? माझ्या आत्याशी लग्न?"

"यातलं काहीच नाही," त्या म्हणाल्या. "मी फक्त तुझ्या बाजूची. बस."

काय सांगू, हे वाक्य ऐकून मला रडूच यायला लागलं. सगळं गाव महिनाभर "किती गोड जोडी" म्हणत होतं. माझ्या एकटीच्या बाजूचं असं कुणी नव्हतं.

टुलोकबाईंनी मसुदा वाचला. एकदा झरझर, एकदा सावकाश. मग पेन्सिलने एका कलमावर टकटक केलं.

"घर तुझं. ठीक. शेड आणि जेसीबी त्याचा. ठीक. पण इथे लिहिलंय, लग्नानंतर जो जे मिळवेल ते ज्याचं त्याचं. हे वाचलंस?"

"वाचलं. सोपं वाटलं."

"मूल झालं तर टपाल कोण वाटणार?"

"... कुणीच नाही. म्हणजे काही वर्षं दुसरं कुणीतरी."

"आणि त्या वर्षांत तू काय मिळवशील? अंगाई. ती वाटून घेता येत नाही. तो चर खणत राहील, सगळं त्याच्या नावावर साठेल, आणि पंधरा वर्षांनी तुझ्याकडे एक घर आणि पाठदुखी. लग्नानंतर मिळवलेलं दोघांचं, असं लिहून घे. त्याशिवाय सही करू नकोस."

"पण हे त्याने मुद्दाम —"

"नसेल. बहुतेक जण मुद्दाम करतच नाहीत. म्हणून तर मी आहे."

मी तिथूनच राविरीला फोन केला. सांगितलं. पलीकडे जेसीबीची घरघर थांबली.

"बरोबर आहे की," तो म्हणाला. "मला सुचलंच नाही. लिही. दोघांचं लिही. थांब, पेटिग्रू म्हणतील विचार करा. केला विचार. लिही."

मी फोन ठेवला आणि टुलोकबाईंकडे विजयी मुद्रेने पाहिलं. त्यांच्यावर काहीच परिणाम झाला नाही.

"पोरगा बरा दिसतोय. आता शेवटचा प्रश्न. त्याने आपल्याकडे जे जे आहे त्याची यादी दिलीय: शेड, जेसीबी, पिकअप, अर्धी होडी, होडीची सत्तावीस इंजिनं —"

"त्यातलं एकच चालतं."

"— आणि एक कुत्रा. यात काही राहिलंय? त्याने तुझ्यापासून काही लपवलंय? लपवलं असेल तर करार पुढे ढासळू शकतो. आणि दुसरंही बरंच काही."

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

कारण सप्टेंबर लागल्यापासून राविरी संध्याकाळचा नाहीसा व्हायचा. कधी चारला, कधी सहाला, वेळेचा काही मेळ नाही. विचारलं की म्हणायचा, "पाइपचं काम." रविवारीसुद्धा पाइप. परत यायचा तो कंबरेपर्यंत भिजलेला आणि चेहऱ्यावर... कसं सांगू... एक हळुवार, तृप्त हसू.

मी हे टुलोकबाईंना सांगितलं. 

"दुसरी बाई?" त्या म्हणाल्या.

"कंबरेपर्यंत भिजावं लागेल अशी बाई कोण असेल?"

"ग्रेमाऊथमध्येच दोन आहेत," त्या विचार करून म्हणाल्या. "बरं, वास कसला येतो?"

"कसलाच नाही. घरच्यासारखाच."

टुलोकबाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग यादीचं दुसरं पान पुढे केलं. माझं. "आणि तू? तू काही लपवलंयस?"

मांजराने एक डोळा उघडला.

मी पहाटे उठते. राविरी झोपेत विचारतो, "कुठे?" मी म्हणते, "टपाल." पहाटे पाच वाजता जगात कुठेही टपाल नसतं.

"एक गोष्ट आहे," मी म्हणाले. "माझ्या वडलांनी मरताना मला... एक ओढा... पुलाच्या —"

"थांब!" टुलोकबाई इतक्या जोरात उठल्या की मांजर पुस्तकांवरून पडलं. "एक शब्द पुढे बोलू नकोस. पिल्लांची जागा?"

"हो."

"मला सांगू नकोस. माझ्या गाडीत जाळं आहे. तू जागा सांगितलीस की त्याच क्षणी माझा सल्ला स्वतंत्र राहणार नाही." त्या पाणी प्यायल्या. "तिथे मिळतात का... नको. नको, तेही सांगू नकोस."

खिडकीशी जाऊन त्या जराशाने परत आल्या. आता आवाज निराळा होता, वकिलाचा नसलेला.

"कायद्याने वाहतं पाणी कुणाचंच नाही. ती जागा यादीत लिहायची काही गरज नाही. पण बाळ, तू त्याला सांगितलेलं नाहीस, आणि तो तुला काहीतरी सांगत नाहीये. आज मी दाखला देत नाही. आधी जा आणि विचार. आणि विचारण्याआधी आपलं सांग."

चाळीस किलोमीटर मी रडत आले. वायपर आत लागला असता तर बरं झालं असतं.

*

शनिवारी सकाळी मी राविरीसमोर चहा ठेवला.

"मला तुला एक जागा दाखवायचीय," मी म्हणाले. "त्याआधी मी सही करणार नाही."

त्याने कप उचलला नाही. "मलाही तुला काही सांगायचंय. पेटिग्रू म्हणाले, सगळं सांगितल्याशिवाय सही नको." तो टेबलाकडे बघत होता. "ब्रिडी... तू पहाटे कुठे जातेस गं?"

"तू संध्याकाळी कुठे जातोस?"

बाहेर पाऊस. आत घड्याळ. कुत्र्याने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं आणि उठून दुसऱ्या खोलीत गेला.

"आधी मी," मी म्हणाले. "चल. तू चालव, वाट मी सांगते."

माझ्या मनात एकच होतं. मी त्याला जागा दाखवणार. माझ्या बापाची, आजोबांची, कुणालाही न दाखवलेली. याहून मोठं माझ्याकडे देण्यासारखं काही नाही. आणि ते दिल्यावर तो मला एखाद्या बाईचं नाव सांगणार. मग मी तोंड लपवायला कुठे जाणार? माझी एकमेव जागा तर तेव्हा त्याला माहीत असेल.

पिकअपमध्ये त्याचा हात गिअरवर होता. रोज मी त्यावर हात ठेवायचे. आज ठेवला नाही. त्याने एकदा हाताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे... आणि परत रस्त्याकडे. गाव मागे पडलं. पूल आला. पलीकडे कुणीही नव्हतं, तरी तो सवयीने थांबला, दिवे मिचकावले आणि मग निघाला.

पूल संपला.

टिक, टिक, टिक, टिक.

मी डॅशबोर्डकडे पाहिलं. डावीकडचा हिरवा बाण उघडझाप करत होता.

"राविरी."

"हं?"

"मी तुला वळायला सांगितलेलं नाही."

त्याने त्या बाणाकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणी लावला होता. गाडी थांबली. टिक, टिक. पाऊस टपावर वाजत होता.

"इथे तर वळणसुद्धा दिसत नाही," मी हळूच म्हणाले. "फांद्या मी स्वतः ओढून ठेवते."

"त्या फांद्या... तू ठेवतेस?" त्याचा आवाज चिरकला. "मी रोज बाजूला करतो!"

आम्ही उतरलो आणि धावलो. चिखल, नेचे, ओलं गवत, आणि मग ओढ्याचं ते वळण. काठावरच्या झाडाला ठोकलेल्या फळ्या होत्या तशाच होत्या.

सांगायचं राहिलं. गेल्या वर्षीपासून माझ्या जागेवर एक चोर येत होता. बुटांचे ठसे, मोडलेलं गवत. म्हणून मी फळीवर रंगाने लिहिलं: सावधान, बैल मोकाट आहे. दोन दिवसांनी खाली उत्तर: बैल भेटला. स्वभावाने बरा वाटला. मी लिहिलं: पाणी विषारी आहे. उत्तर: दोन ग्लास प्यायलो. मी लिहिलं: मालक बघतोय. उत्तर: मालकाला नमस्कार, तब्येत जपा. मी त्या माणसाचा मनापासून द्वेष करत होते. तो साठ वर्षांचा, ढेरपोट्या आणि बॅरी नावाचा असणार याबद्दल मला शंकाच नव्हती.

राविरीने फळीवर हात ठेवला.

"बैल तुझा?"

"दोन ग्लास तू प्यायलास?"

"मला वाटायचं कुणीतरी कवळीवाला म्हातारा आहे," तो म्हणाला. "म्हणून तर तब्येत जपा लिहिलं. ब्रिडी, मला त्या म्हाताऱ्याची काळजी वाटायची गं!"

"तुझ्या संध्याकाळी..."

"इथे. संध्याकाळच्या भरतीला. कंबरभर पाण्यात. आजोबांनी दाखवली होती जागा, आणि कुणाला सांगशील तर खबरदार म्हणाले होते. पेटिग्रूंनी विचारलं, काही लपवलंय का, तेव्हापासून मी झोपलो नाहीये. आणि तू? पहाटे?"

"इथे. सकाळच्या भरतीला."

"मला वाटलं... तो पोस्टातला नवा माणूस..."

"त्याला पासष्टावं लागलंय."

"केस आहेत त्याला."

मग मी हसायला लागले. छातीवरून कुणीतरी सहा टनांचा लोखंडी हात उचलून घेतल्यासारखं वाटलं, आणि हसता हसता मी त्या चिखलात बसलेच. तोही शेजारी बसला. चावऱ्या माश्यांनी आमच्यावर जेवण मांडलं. आम्हाला काही फिकीर नव्हती. त्याने माझा हात हातात घेतला, चिखलासकट.

एकदम मला आठवलं. हसू थांबलं.

"राविरी. त्या दिवशी पुलावर. अकरा मिनिटं तू मला आधी जा, आधी जा करत होतास. मी वर्षभर सगळ्यांना सांगतेय, किती सभ्य आहे म्हणून."

तो ओढ्याकडे पाहू लागला. "तू गेलीस की मला इथेच आत वळायचं होतं."

"जाळं मागे होतं?"

"ताडपत्रीखाली. तुझं?"

"टपालाखाली."

पाऊस बारीक झाला होता. ओढ्याचं पाणी थांबल्यासारखं झालं... आणि मग हळूच उलटं, वरच्या दिशेने सरकायला लागलं. भरती.

"म्हणजे त्या दिवशी," मी सावकाश म्हणाले, "भरती चढत होती. तू इथे यायला निघाला होतास. आणि तू ती सोडून..."

"पॅटिस खायला आलो." त्याने माझ्याकडे पाहिलं. डाव्या पापणीवर परत एक थेंब. "त्या मोसमातली सगळ्यांत मोठी भरती होती, ब्रिडी. आजोबा असते तर मला घराबाहेर काढलं असतं. मी कधी सांगितलं नाही. म्हटलं, एवढं सांगितलं तर तू घाबरशील."

"मीही सोडली," मी म्हणाले. "तीच."

तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. आमच्याकडे "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असं सहसा कुणी म्हणत नाही. पण भरती सोडणं... तेसुद्धा कुणी करत नाही.

मी पुढे होऊन तो थेंब ओठांनी टिपला. इतका वेळ अडकला होता बिचारा.

समोरून पिल्लं चढत होती, शेकडो, नुसते डोळे आणि चमक. जाळं दोघांपैकी एकानेही आणलं नव्हतं. ती भरतीसुद्धा आम्ही सोडली.

*

सोमवारी मी टुलोकबाईंसमोर बसले. दुरुस्त केलेला मसुदा त्यांनी ओळीन् ओळ वाचून दाखवला. मी काय राखतेय, काय सोडतेय, पुढे काय होऊ शकतं, सगळं. मग पेन पुढे केलं.

"सगळं उघड झालं?"

"झालं."

"बाई?"

"नाही. ओढा. माझाच."

टुलोकबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "एकच?" आणि मग, वकिलीच्या पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच असेल, त्यांचा तोल गेला. "कुठे आहे?"

"टुलोकबाई!"

"माफ कर. कर सही."

मी सही केली. त्यांनी डोळ्यांदेखत पाहिली आणि दाखला दिला, की हिला समजलंय. मला खरंच समजलं होतं. त्याच वेळी होकिटिकाला पेटिग्रूंसमोर राविरीही सही करत होता. त्याने नंतर फोनवर सांगितलं, की पेटिग्रूंनी त्यालाही जाता जाता विचारलं, "कुठे?"

लग्न नोव्हेंबरात झालं, आत्याच्या — म्हणजे माझ्या, कागदोपत्री माझ्या — घराच्या अंगणात. पाऊस आला होता. आत्याचे तिसरे आले होते. ताटांत धिरडी वाढली जात होती, नुसतं अंडं आणि पिल्लं, पिठाचा कणही नाही. एवढी पिल्लं गावाने एका जागी कधी पाहिली नव्हती. माणसं खाता खाता आमच्याभोवती गोळा व्हायला लागली. राविरीचे काका, पेटिग्रू, आणि हातात बशी घेऊन अगदी सहज आल्यासारख्या टुलोकबाई.

"बरीच मिळाली की या वर्षी," काका म्हणाले. "कुठे?"

"पुलाखाली," राविरी आणि मी एकदम म्हणालो.

"किती?"

"मांजरापुरती."

एका सुरात, एका श्वासात, डोळ्याची पापणीही न हलवता.

नुआला आत्या खुर्चीत बसून आमच्याकडे बघत होती. आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे, मग परत माझ्याकडे. तिने ताटातला शेवटचा घास संपवला, तोंड पुसलं आणि शेजारी बसलेल्या तिसऱ्याला कोपराने ढोसलं.

"टिकेल हे," ती म्हणाली. "उगाच कागद करायला लावला."